जागा आणि चौकट

सत्यजित राय यांच्या 'चारुलता' (१९६४) या चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगात जवळजवळ संवादच नाहीत. कलकत्त्यातलं श्रीमंत घर, लांबलेली दुपार, आणि हाताला काही काम नसलेली चारू. ती मुठीची छोटी दुर्बीण घेते आणि या खिडकीतून त्या खिडकीकडे जात, झडपांच्या फटींतून रस्ता बघत राहते. माकडवाला जातो, पालखी जाते, छत्रीवाला एक स्थूल गृहस्थ जातो. मग घराच्या व्हरांड्यातून तिचा नवरा भूपती जातो. त्याचं डोकं पुस्तकात आहे. बायको शेजारी उभी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. चारू दुर्बीण डोळ्याला लावते आणि काही हातांवरून जाणाऱ्या नवऱ्याकडेही तिच्यातूनच बघते. तो दिसेनासा होतो, तिचा हात खाली येतो आणि सुब्रत मित्र यांचा कॅमेरा झपकन झूम करत चौकट रुंद करतो. चौकटीत आता चारू लहान आहे आणि घर मोठं.

या प्रसंगातली दुर्बीण नवऱ्याचा चेहरा जवळ आणते, पण त्या दोघांमधली दुरी तसूभरही कमी करत नाही. उलट झूम चौकट रुंद करतो तेव्हा कॅमेरा जागचा हललेलाही नसतो. आपण कुठे उभे आहोत आणि आपल्याला किती दिसतं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साध्या डोळ्याला त्या कायम जोडलेल्या असतात: जास्त बघायचं तर मागे सरा, बारकाईने बघायचं तर पुढे जा. टेलिफोटो झूम ही जोडी तोडतो. छायाचित्रकार या लेन्सवर इतका जीव का टाकतात याचं खरं कारण मला इथे दिसतं. 'लांबचं जवळ आणते' हे उत्तर चुकीचं नाही, पण ते फार वरवरचं आहे.

आपल्याकडे फोटोग्राफर तिला नुसतं 'सत्तर-दोनशे' म्हणतात. वृत्तपत्रातला, लग्नातला, मैदानावरचा, मैफलीतला, जंगलातला, कोणत्याही क्षेत्रातला फोटोग्राफर असो, त्याच्या बॅगेत सत्तर ते दोनशे मिलिमीटरची ही लेन्स बहुधा सापडतेच. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर सत्तरला तिला तिरक्या मापाने ३४ अंशांचं दृश्य दिसतं, दोनशेला १२ अंशांचं. नुसत्या आकड्यांत हा पल्ला फार मोठा वाटत नाही. शंभर-चारशे किंवा दीडशे-सहाशेचे झूम याहून कितीतरी लांब जातात. तरीही माणसांचं जग जिथे घडतं, म्हणजे पाच पावलांपासून साधारण पंचवीस-तीस पावलांपर्यंत, तिथे सत्तर-दोनशेला तोड नाही.

आधी जागेबद्दल बोलू, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुणं सोडून सासवडकडे निघते तेव्हा दिवे घाट चढते. वरच्या वळणावरून टेलिफोटोने घेतलेले या चढाचे फोटो दर आषाढाच्या आधी वर्तमानपत्रांत येतात: पताका, टोप्या, डोक्यावरच्या तुळशी, सगळं एकावर एक रचल्यासारखं, रस्ता कुठेही न दाखवणारं. बघणारा म्हणतो, लेन्सने गर्दी दाट केली. लेन्सने तसं काहीही केलेलं नसतं. त्याच वळणावरून वाइड लेन्सने फोटो काढा आणि त्याचा मधला तुकडा कापून मोठा करा. माणसांची एकमेकांशी असलेली प्रमाणं अगदी तीच निघतील, फक्त चित्र खरबरीत होईल. पुढचा वारकरी शंभर पावलांवर आणि मागचा एकशेवीस पावलांवर असेल तर दोघांच्या आकारात फारसा फरक पडत नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटलेले दिसतात. पुढचा पाच पावलांवर आणि मागचा पंचवीसवर असता तर तोच मागचा पाचपट लहान झाला असता. दोन्ही वेळी दोघांमधलं अंतर वीसच पावलांचं. तेव्हा दाटपणा आला तो उभं राहण्याच्या जागेतून. लेन्सचं काम त्या जागेवरून नको असलेलं वगळून हवं तेवढंच भरून दाखवण्याचं.

हे एकदा उमगलं की हातातल्या लेन्सचा वापरच बदलतो. समोर मित्र उभा आहे आणि लांब त्याच्यामागे देवळाचं शिखर. दोन मीटरवरून पन्नासच्या लेन्सने त्याचा फोटो घ्या, मग मागे, आठ मीटरवर जाऊन दोनशेने घ्या. मित्र दोन्ही फोटोंत तेवढाच राहील, शिखर मात्र दुसऱ्यात चौपट मोठं होईल. मित्र आणि शिखर यांचं नातं तुम्ही पायांनी ठरवलंत आणि चौकट मनगटाने. झूम म्हणजे चालण्याचा आळस असं जे बोललं जातं ते ही कृती नीट न पाहिल्यामुळे. झूमचा चांगला वापर करणारा फोटोग्राफर जास्तच चालतो, कारण त्याला आता चौकटीसाठी चालावं लागत नाही. तो फक्त नात्यासाठी चालतो.

अँड्रिआस फायनिंगर याला हे फार लवकर कळलं होतं. चित्रकार लायनेल फायनिंगर यांचा हा मुलगा वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला होता. १९४३ पासून १९६२ पर्यंत तो 'लाइफ' साप्ताहिकासाठी काम करत होता. त्याने लांब पल्ल्याचे कॅमेरे स्वतः जुळवले आणि हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीच्या बाजूला जाऊन मॅनहॅटनचे फोटो घेतले. वास्तुशिल्पीच्या डोळ्याला हे सुचणं मला स्वाभाविक वाटतं. रस्त्यावरून इमारत बघाल तर तळमजला अवाढव्य आणि वरचे मजले निमुळते. शेजारची चार मजली इमारत मागच्या शंभर मजलीपेक्षा उंच. मैलभर दूर गेलात की प्रत्येक इमारत आपल्या खऱ्या मापाला येते. फायनिंगरच्या फोटोंत भव्यता आहे, आणि ती त्याने मापाच्या सचोटीतून मिळवली.

इथे मला आपली लघुचित्रं आठवतात. मेवाडच्या चित्रकाराने दरबार रंगवला तर मागच्या रांगेतला सरदार पुढच्यापेक्षा लहान होत नाही, तो फक्त कागदावर वर सरकतो. बाग, तळं, महाल, हत्ती, सगळे आपापल्या मानाने उभे असतात. युरोपात पंधराव्या शतकात जे यथार्थदर्शन रुजलं त्यात जग एका माणसाच्या डोळ्याभोवती गोळा होतं आणि दूर जाईल तसं त्याच्यासाठी लहान होत जातं. मेवाडच्या चित्रात असा मालकी सांगणारा डोळा नाही. टेलिफोटोचं चित्र भूमितीने युरोपीय कुळातलंच आहे, लहान होणं त्यातही आहे, पण ते इतकं सौम्य होतं की चित्र मेवाडच्या कुळाच्या शेजारी येऊन बसतं. दिवे घाटाचा फोटो आपल्याला परका वाटत नाही, त्यात कोणी एक नायक नसतानाही तो भरलेला वाटतो, याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. मागच्या दिंडीतल्या म्हातारीला तिथे पुढच्या विणेकऱ्याइतकीच जागा मिळते.

ही लेन्स आज सहज उपलब्ध आहे म्हणून ती सोपी आहे असं मात्र नाही. पुढे फुगीर भिंग आणि मागे अंतर्गोल भिंग ठेवून मोठी प्रतिमा मिळते, हे केप्लरने १६११ च्या 'डायॉप्ट्रिस' या ग्रंथात मांडलं होतं. छायाचित्रणासाठीच्या टेलिफोटो लेन्स १८९१ च्या सुमारास आल्या, त्याही लंडनचे डालमायर आणि जर्मनीतले मीथे व श्टाइनहाइल अशा तिघांकडून स्वतंत्रपणे. झूमचं पेटंट अमेरिकेत क्लाइल अॅलन यांनी १९०२ मध्ये घेतलं. पण स्थिरचित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी तयार झालेला पहिला झूम बाजारात यायला १९५९ उजाडलं. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांनी रचलेला तो ३६ ते ८२ मिलिमीटरचा 'झूमर', आणि तो विकला फोग्टलेंडरने. कल्पनेपासून वस्तूपर्यंत अर्धशतकाहून जास्त काळ का लागला?

एक कारण गणिताचं. भिंगांचे गट नळीत पुढेमागे सरकतात तेव्हा केवळ आकार बदलून भागत नाही. एक गट प्रतिमा मोठी करतो, दुसरा तिला फिल्मच्या पातळीवर रोखून धरतो, आणि हे चालू असताना रंगांची फाकण, कडांचा पुसटपणा, रेषांचं वाकणं हे सगळे दोष प्रत्येक टप्प्यावर आवरावे लागतात. एका टप्प्यावर आवरले की दुसऱ्यावर ते डोकं वर काढतात. लॉगॅरिथमची कोष्टकं घेऊन एकेक किरण मोजणाऱ्या माणसांच्या काळात हे काम संपणारं नव्हतं.

दुसरं कारण मला जास्त विलक्षण वाटतं. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे साधारण चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. खिडकीच्या काचेत हे कोणी लक्षातही घेत नाही. पण कॅननने २०१० मध्ये आणलेल्या सत्तर-दोनशेमध्ये १९ गटांत २३ भिंगं आहेत, म्हणजे काच आणि हवा यांच्या भेटीचे ३८ पृष्ठभाग. प्रत्येक ठिकाणी चार टक्के गेले तर पलीकडे जेमतेम एकवीस टक्के प्रकाश पोहोचेल, आणि बाकीच्यातला बराचसा आतल्या आत भटकून चित्रावर धुकं पसरवेल. त्सायस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये भिंगावर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन दाबण्याची पद्धत शोधली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या, म्हणून आज आपण इतक्या काचांआडून स्वच्छ बघू शकतो. भिंगाकडे तिरकं पाहिलं की जी जांभळी-हिरवी झाक दिसते, ती म्हणजे हा थर.

कॅननच्या त्याच लेन्समधलं एक भिंग काचेचं नाहीच, ते फ्लोराइटच्या स्फटिकाचं आहे. फ्लोराइट रंगांना फार कमी फाकवतं. येना इथल्या अर्न्स्ट आबे यांनी एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकासाठी नैसर्गिक फ्लोराइट वापरलं होतं, पण मोठे निर्दोष खडे निसर्गात दुर्मीळ. १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅननला ते भट्टीत वाढवता येऊ लागले आणि लांब पल्ल्याच्या लेन्सचा इतिहास पालटला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला या खनिजाचे साठे आहेत. ताडोबात वाघासमोर लेन्स धरणाऱ्याच्या हातात त्याच जिल्ह्याच्या जमिनीत असलेल्या खनिजाचं शुद्ध रूप असू शकतं, हा विचार मला नेहमी सुखावतो.

आता चौकटीकडे येतो. जागा निवडण्याचं स्वातंत्र्य अनेकदा नसतंच, आणि झूमची खरी किंमत तिथे कळते. याचं सर्वांत चांगलं उदाहरण माझ्या मते शास्त्रीय संगीताची मैफल आहे. पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव घ्या, जो पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. समोर हजारो श्रोते बसलेले असतात. फोटोग्राफरने एक कोपरा पकडायचा आणि तिथेच बसायचं. फिरणं म्हणजे कोणाच्या तरी ऐकण्यावरून चालणं. फ्लॅश तर विचारातही आणायचा नाही. प्रकाश रंगमंचापुरता आणि पिवळसर. एफ २.८ चं छिद्र एफ ५.६ च्या चौपट प्रकाश आत घेतं, म्हणून इथे तेच लागतं, आणि झूम फिरवला तरी ते कायम राहावं लागतं. दोनशेला २.८ म्हणजे समोरून सुमारे ७१ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत. लेन्स जाड आणि दीड किलोची का, याचं उत्तर या आकड्यात आहे.

त्या एका कोपऱ्यातून काय काय मिळतं? सत्तरला पूर्ण मंच: मधे गायक, मागे दोन तानपुरे, डावी-उजवीकडे संवादिनी आणि तबला. हे मैफलीचं घर झालं. एकशेपस्तीसच्या आसपास गायक आणि तबलजी दोघेच. विलंबितात लांबलचक आवर्तन फिरून समेवर येताना दोघांची नजर भेटते. ती भेट फार थोडा वेळ टिकते, आणि ज्याला ताल कळतो त्याला ती कधी होणार हे आधीच कळतं. दोनशेला फक्त हात. गाणारा हात स्वर काढतो, ताणतो, पसरतो, कधी एखादी जागा हवेत ठेवून देतो. हे तिन्ही फोटो एका आवर्तनात येऊ शकतात, कारण त्यांच्यामधलं अंतर मनगटाच्या पाव फेऱ्याचं आहे. लेन्स बदलायला गेलात तर ती सम निघून जाते. पुढची येईल, पण तीच नाही. झूम हाताळणारा फोटोग्राफर गाण्याबरोबर चालू शकतो, कारण त्याची चौकट त्याच्या ऐकण्याच्या वेगाने बदलते. तालाची जाण नसलेला फोटोग्राफर आणि जाण असलेला, दोघांकडे लेन्स तीच, पण फोटो पाहून मला फरक ओळखू येतो असं मी खात्रीने म्हणेन.

क्रिकेटच्या मैदानावर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडते. सीमारेषेबाहेर जाहिरातीच्या फळीमागे बसलेल्याच्या एका कॅमेऱ्यावर चारशेची मोठी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स असते, फलंदाजासाठी. सामना जिंकल्यावर खेळाडू धावत फळीकडेच येतात आणि चारशेत नुसता खांदा मावतो. तेव्हा दुसऱ्या खांद्यावरची सत्तर-दोनशे उचलली जाते. वारीतल्या रिंगणात तर घोडा लांबून येतो आणि डोळ्यांदेखत समोरून जातो. रिंगणाच्या आत पाऊल टाकण्याचा अधिकार फोटोग्राफरला नाही, आणि नसावाच.

'नसावाच' हे मी मुद्दाम म्हणतो. दूर राहावं लागणं ही अडचण आहे असं धरून चालण्याची आपल्याला सवय झाली आहे. निसर्ग अभ्यासाचा इतिहास काढला तर दिसतं की दूर राहता येणं हीच मोठी प्रगती आहे. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांची चित्रं टिपायला जो कॅमेरा बनवला त्याचा आकारच बंदुकीचा होता. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, सेकंदाला बारा चित्रं. पुढच्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, आणि त्या पिढीचे पक्षीशास्त्रज्ञ पक्षी मारून, पेंढा भरून अभ्यास करत. सालिम अलींचा या संस्थेशी संबंध आला तोही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. आज भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित उतरतात तेव्हा त्यांच्या पिसांचा रंग आणि चोचीचा बाक होडीतूनच तपासता येतो. पक्ष्याला काहीही न गमावता तो आपल्या नोंदीत येतो. पण होडी त्यांच्या थव्यात घुसवून त्यांना उडवून फोटो घेणाऱ्याने ती प्रगती पुसून टाकलेली असते, मग त्याच्या हातात कितीही लांब लेन्स असो.

व्याघ्रप्रकल्पांतल्या पर्यटनाच्या नियमांनुसार गाडीने प्राण्यापासून किमान वीस मीटर राहायचं असतं. वीस मीटरवर दोनशेची लेन्स फुल फ्रेमवर तीन मीटर साठ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य घेते. पूर्ण वाढलेला वाघ शेपटीसह तीन मीटरच्या आतबाहेर. म्हणजे नियम पाळूनही चौकट वाघाने भरते. सत्तरला तीच चौकट दहा मीटर रुंद होते आणि त्यात वाघाबरोबर बांबू, पाणवठा, उन्हाळ्याची पिवळी माती येते. बहुतेक जण दोनशेवर अडकून राहतात, कारण त्यांना वाघ हवा असतो. मला सत्तरवरचा फोटो अधिक आवडतो, कारण त्यात त्याचा मुलूखही असतो. असो, पण गाडी पुढे रेटायची गरज दोन्हीत नाही.

माणसांच्या बाबतीत प्रश्न अवघड होतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर मुख्यतः पन्नासच्या लेन्सने काम केलं. त्यांच्या वाटेने जाणारे सांगतात की माणसाचा फोटो माणसाजवळ जाऊनच घ्यावा, लांबून घेतलेला फोटो म्हणजे चोरून घेतलेला. या आक्षेपात तथ्य आहे. झोपडीबाहेर अंघोळ करणाऱ्या बाईचा, स्मशानात रडणाऱ्या मुलाचा पंचवीस पावलांवरून फोटो काढून 'भावपूर्ण' म्हणून मिरवणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. पण जवळ जाणं म्हणजे आपोआप आदर असंही नाही. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर वाइड लेन्स धरणारा अधिक क्रूर असू शकतो. न्यूयॉर्कचे सॉल लायटर पन्नासच्या दशकात रस्त्यावर टेलिफोटो वापरत. ओलसर काचेआडून, छत्रीखालून दिसणारी त्यांची माणसं कधी उघडी पडत नाहीत, त्यांचा खासगीपणा चित्रातही शाबूत राहतो.

अलीकडे फोनमध्येही पाचपट, दहापट लांबचं टिपणाऱ्या लेन्स आल्या आहेत आणि सत्तर-दोनशेचे दिवस भरले असं बोललं जातं. दिवसाउजेडी फोनचं चित्र पुष्कळ वेळा पुरतं, हे खरं. पण फोन कुठे रोखला आहे हे समोरच्याला कळत नाही. दीड किलोची, पुढे वीतभर आलेली, बहुधा पांढरी लेन्स लपवता येत नाही. ती उचलली की बाजारातल्या भाजीवालीला लांबूनही कळतं की हा आपला फोटो घेतोय. ती हसेल, दुर्लक्ष करून गिऱ्हाईकाकडे वळेल, किंवा पदर तोंडावर ओढून घेईल. तिसरं घडलं तर लेन्स खाली घ्यायची. तिला नाही म्हणायची ही संधी मिळते ती लेन्सच्या बोजडपणामुळे, आणि तो ओझं म्हणून वाहायला माझी हरकत नाही.